हिशेब वेगळे, वीज एकच

राज्याला पुढच्या दहा वर्षांत वीज कुठून मिळणार, हा वाद हल्ली दोन वाक्यांत संपवला जातो. सौर वीज कोळशाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते, मग नवा औष्णिक प्रकल्प कशाला, असं एक बाजू विचारते. संध्याकाळी सात वाजता सूर्य नसतो, मग कोळशावाचून चालणार कसं, असं दुसरी विचारते. दोघांच्या हातात तक्ते असतात आणि गंमत वाटावी इतके दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबरही असतात. मला मात्र या वादातलं खरं वाक्य मराठवाड्यातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून ऐकायला मिळालं. दिवसा वीज मिळू लागल्याने तो समाधानी होता. पण बोलता बोलता म्हणाला, “ऊन सगळ्यात कडक एप्रिल-मेमध्ये, आणि माझ्या विहिरीचा तळ दिसतो तो पण तेव्हाच. मग त्या महिन्यांतली वीज मी लावू कुठं?” सौर विजेच्या तक्त्यात विहीर नसते. विहिरींच्या तक्त्यात वीज नसते. त्यामुळे या प्रश्नाला उत्तर देणारा माणूसच आपल्याकडे नेमलेला नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. वीज नियोजनासाठी लागणारी संगणकी मॉडेल आपल्याकडे नाहीत, असं नाही. मागणीचा अंदाज, निर्मितीचा विस्तार, तासातासाचं वीजवाटप (म्हणजे कुठल्या तासाला कुठलं वीजकेंद्र चालवायचं), वीज दूरवर नेणाऱ्या पारेषण वाहिन्यांवरचा भार, धरणांतलं पाणी, भूजल, कोळशाची वाहतूक या प्रत्येकाचं गणित मांडता येतं आणि कुठे ना कुठे मांडलंही जातं. ती एकमेकांशी जोडलेली नाहीत, हा दोष आहे. ती जोडणं कायद्याने बंधनकारक करावं, आणि एका मॉडेलने दुसऱ्याला दिलेला प्रत्येक आकडा लोकांना पाहता यावा, एवढी माझी मागणी आहे. सगळं पोटात घेणारं एकच महाकाय मॉडेल बांधा, असं मी म्हणत नाही. सुताराचं काम पाहताना आपण फळीपेक्षा सांधा पाहतो. नियोजनातही चुका बहुतेक वेळा सांध्यातच होतात.

राज्य वीज मंडळाचं २००५ साली विभाजन झालं आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. कंपन्यांबरोबर हिशेबही वाटले गेले. मागणी एकीकडे, वीजनिर्मितीचे संच दुसरीकडे, वाहिन्या तिसरीकडे. धरणं जलसंपदा विभागाकडे, विहिरींच्या पातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, कोळसा कोल इंडियाकडे आणि तो वाहून आणणाऱ्या मालगाड्या रेल्वेकडे. यातला प्रत्येक जण दुसऱ्याचं गणित ‘दिलेलं आहे’ असं धरून स्वतःचं सोडवतो. शाळेत ‘पक्ष’ लिहून ‘साध्य’ सिद्ध करायचो, तसं. फरक एवढाच की इथे एकाचं साध्य हाच दुसऱ्याचा पक्ष असतो, आणि तो तपासून पाहणं कुणाचंही काम नसतं.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. दाभोळच्या वीज प्रकल्पाची चर्चा आपण तीस वर्षं भ्रष्टाचार की परकी गुंतवणूक, स्वाभिमान की विकास या शब्दांत केली. ती करायलाच हवी होती. पण त्या प्रकल्पाच्या मुळाशी असलेली चूक फार साधी होती. राज्यात विजेचा तुटवडा आहे आणि मागणी वाढणार आहे, हे मागणीचं गणित. त्यावरून डिसेंबर १९९३ मध्ये एन्रॉनच्या कंपनीशी वीज खरेदी करार झाला. दोन्ही टप्पे मिळून दोन हजार मेगावॅटहून मोठा प्रकल्प, आयात इंधनावर चालणारा, आणि वीज घ्या वा न घ्या, स्थिर आकार भरायचाच. आता तासातासाचं गणित मांडा. राज्याचा तुटवडा मुख्यतः संध्याकाळच्या काही तासांतला होता. रात्री उशिरा आणि पावसाळ्यात स्वस्त कोळशाचे संच बंद ठेवल्याशिवाय या महागड्या विजेला जागाच नव्हती. जागतिक बँकेने १९९३ सालीच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचं सांगून कर्ज नाकारलं होतं. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या अभ्यासकांनी कराराची चिरफाड करून त्याचा बोजा दाखवून दिला होता. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये राज्याने वीज घेणंच थांबवलं. पुढे रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने तो पुन्हा उभा केला, तेव्हा देशातल्या गॅसवर भिस्त ठेवली होती. तो गॅस २०१३ मध्ये आटला आणि संच पुन्हा थंडावले. म्हणजे एकाच जागी दोनदा ठेच लागली. पहिल्यांदा मागणीचं गणित आणि वाटपाचं गणित जोडलेलं नव्हतं, दुसऱ्यांदा संचांचं गणित आणि इंधनाचं.

परळीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. बीड जिल्हा, कायमची पाणीटंचाई. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळी औष्णिक केंद्राचे सगळे संच पाण्याअभावी बंद पडले. ११३० मेगावॅटची क्षमता कागदावर जशीच्या तशी उभी होती, कोळसाही मिळाला असता. बॉयलरला आणि वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला पाणी नव्हतं. २०१५ मध्ये पुन्हा तेच. त्याच आवारात २५० मेगावॅटच्या आणखी एका संचाचं काम त्या वर्षांत चालू होतं. क्षमतेच्या तक्त्यात तो संच ‘वाढ’ म्हणून दिसतो. त्या तक्त्याला गोदावरी खोऱ्यातल्या पाण्याचा तक्ता जोडला असता, तर वाढीचा आकडा दर दुष्काळी वर्षात शून्यावर येतो हे आधीच कळलं असतं. हे कळायला महासंगणक लागत नाही. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये कोळशाच्या गाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या, तेव्हाही असंच झालं. खाणीत कोळसा, वीजकेंद्रात संच आणि मधल्या रुळांचं गणित कुणीच न केलेलं.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पावसाची, कारण पाऊस हा या सगळ्या हिशेबांमधून धावणारा एकच दोरा आहे. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एरवी त्या महिन्यात कृषिपंप निवांत असतात, धरणं भरत असतात आणि पवनचक्क्या जोरात फिरत असतात. पावसाने ओढ दिली की हे सगळं एकदम उलटतं. उभं पीक वाचवायला पंप सुरू होतात, उकाड्याने पंखे आणि एसी वाढतात, धरणातलं पाणी पुढच्या उन्हाळ्यासाठी राखावं लागतं, आणि मोसमी वारा मंदावला की पवन ऊर्जाही हात आखडते. त्या वर्षी १ सप्टेंबरला देशाची कमाल मागणी सुमारे २४० गिगावॅटवर, म्हणजे २ लाख ४० हजार मेगावॅटवर गेली. एप्रिल-मेमध्ये येणारी लाट पावसाळ्याच्या पोटात आली. आता विचार करा, पाच कार्यालयांतली पाच मॉडेल जर प्रत्येकी ‘सरासरी पावसाळा’ धरून चालत असतील, तर हा दिवस कुणाच्या तरी पडद्यावर दिसेल का? प्रत्येकाने सावधगिरी म्हणून आपापला वाईट काळ धरला, तरी एकाचा वाईट काळ २०१५ चा आणि दुसऱ्याचा २०१८ चा. सगळ्यांचा एकाच दिवशी येणारा वाईट दिवस त्यांतून निसटतोच. निसर्ग मात्र खात्यांची वाटणी पाहून कोरडा पडत नाही.

पंपांकडे पुन्हा येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. कृषी वाहिन्यांना दिवसा सौर वीज मिळावी, हा तिचा हेतू मला मनापासून पटतो. आठवडाआड रात्रीची पाळी, अंधारात सापाविंचवाची भीती, ऊस-मक्याच्या रानात बिबट्या. हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना दिवसाच्या विजेचं मोल सांगावं लागत नाही. पण योजना मोजली जाते ती मेगावॅटमध्ये, आणि पंप चालतो तो पाण्यावर. राज्याचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. या खडकात पाणी साठतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरात, आणि तेही थोडं. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली, रब्बीत उपसा जोरात, आणि उन्हाळ्यात तासाभरात मोटर कोरडी. म्हणजे पंपाची मागणी विजेच्या उपलब्धतेपेक्षा विहिरीच्या झऱ्यावर ठरते. दिवसा खात्रीची वीज मिळाल्यावर उपसा वाढेल की कमी होईल? दोन्ही शक्य आहे. वीज केव्हा येईल याचा भरवसा नसला की शेतकरी ऑटो स्विच लावून ठेवतो आणि रात्रभर पाणी वाहून जातं. भरवसा आला की ही नासाडी थांबते. उलट, जिथे कालव्याच्या लाभक्षेत्रात विहिरींना पाझर आहे, तिथे खात्रीची वीज उसाचं क्षेत्र वाढवू शकते. कुठल्या तालुक्यात काय होईल हे भूजलाचं मॉडेल, पीकपद्धती आणि वाहिनीवरचा भार एकत्र मांडल्याशिवाय कळणार नाही. आज यातलं एकही गणित दुसऱ्याला विचारत नाही.

आता या भूमिकेवरचे आक्षेप. त्यांतला सर्वांत जड आक्षेप हवेतला नाही, त्याला इतिहास आहे. ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबर्ग इथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयआयएएसएने, जगाच्या ऊर्जेचा पन्नास वर्षांचा आराखडा मांडला होता. वोल्फ हेफेले यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मागणीचं मॉडेल, पुरवठ्याचं मॉडेल, अर्थव्यवस्थेवरच्या परिणामाचं मॉडेल, आणि त्यांना जोडणारे बाण. एकाचं उत्तर दुसऱ्याला जाणार, दुसऱ्याचं फिरून पहिल्याकडे येणार, असं ते चित्र होतं. पुढे त्याच संस्थेत काम केलेल्या बिल कीपिन या तरुण गणितज्ञाने आतली गणितं उलगडून पाहिली. ब्रायन विन यांच्याबरोबरचा त्याचा लेख १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्यात दाखवलं होतं की बाणांचं ते वर्तुळ प्रत्यक्षात फिरतच नव्हतं. पुरवठ्याचे बरेचसे निष्कर्ष आत घातलेल्या गृहीतकांतूनच जसेच्या तसे बाहेर येत होते, आणि अणुवीज जराशी महाग धरली तरी सगळं चित्र पालटत होतं. विरोधक म्हणतात, हेच पाहा. मॉडेल जोडली की गृहीतकं खोल गाडली जातात आणि निष्कर्षांना विज्ञानाचा मुलामा चढतो.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. म्हणूनच त्यातून निघणारा धडा अर्धवट घेऊन चालणार नाही, असंही म्हणतो. कीपिनने काय सिद्ध केलं? बाण काढले होते, पण जोड केलेलीच नव्हती, हे. खरी जोड म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगतो. वीस वर्षांचा विस्तार ठरवणारं मॉडेल अख्ख्या वर्षासाठी काही मोजकेच नमुन्याचे दिवस घेतं, कारण सगळे तास घेतले तर गणित आवाक्याबाहेर जातं. ते सांगतं, अमुक इतके सौर प्रकल्प, इतके कोळशाचे संच, इतक्या बॅटऱ्या. हा संचांचा ताफा तासातासाच्या मॉडेलकडे द्यायचा आणि वर्षाचे ८७६० तास चालवून पाहायचा. तिथे दिसतं की जानेवारीत सूर्योदयाआधी दोन तास वीज कमी पडते, किंवा मार्चमधल्या भर दुपारी सौर वीज फुकट घालवावी लागते. ही तक्रार परत पहिल्या मॉडेलकडे गेली पाहिजे, त्याने ताफा बदलला पाहिजे, आणि दोघांची उत्तरं जुळेपर्यंत ही ये-जा झाली पाहिजे. पत्र पाठवलं आणि उत्तराची वाटच पाहिली नाही, तर त्याला पत्रव्यवहार कसं म्हणणार? आणि दुसरी गोष्ट. कीपिनला चूक सापडली ती आतल्या फाइली त्याच्या हाती लागल्या म्हणून. त्या बंद असत्या तर ते निष्कर्ष आजही प्रमाण मानले गेले असते. धडा उघडेपणाचा आहे.

दुसरा आक्षेप अनुभवी अभियंत्यांचा. भार प्रेषण केंद्रात, म्हणजे जिथून ग्रिडवरची वीज क्षणोक्षणी सांभाळली जाते तिथे, वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठली वाहिनी केव्हा तापते, कोयना कधी सुरू करायची, हे बोटांवर पाठ असतं. त्याला मॉडेल काय शिकवणार? त्या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि आपली वीज त्यांच्यामुळेच टिकते. पण अनुभव घडून गेलेल्या गोष्टींचा असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये हिमलाट आली तेव्हा तिथेही अनुभवी माणसंच बसली होती. वीज कमी पडू लागली म्हणून भारनियमन केलं. ज्या वाहिन्या बंद केल्या त्यांतल्या काहींवर नैसर्गिक वायूच्या विहिरी आणि दाब वाढवणारी केंद्रं होती. गॅस थांबला, म्हणून गॅसवरचे संच थांबले, म्हणून आणखी वीज कापावी लागली. संपूर्ण ग्रिड कोसळण्यापासून ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होती. दोनशेहून अधिक माणसं दगावली. गॅसचा तज्ज्ञ गॅस जाणत होता, विजेचा तज्ज्ञ वीज. त्या दोघांमध्ये जे होतं ते कुणाच्याच अनुभवात नव्हतं.

जोडल्याने चुका वाढतात, असंही म्हटलं जातं. पावसाचा अंदाज चुकला, त्यावरून पाण्याचा, त्यावरून पंपांचा, त्यावरून विजेचा. शेवटच्या आकड्यावर विश्वास काय ठेवायचा? म्हणणं खरं आहे. पण जोडलं नाही म्हणून या चुका कमी होत नाहीत, त्या फक्त नजरेआड राहतात. जोडलेलं मॉडेल निदान सांगतं की उत्तर एवढ्या ते एवढ्यात कुठेही असू शकतं आणि त्यातली निम्मी अनिश्चितता एकट्या पावसामुळे आहे. हे कळलेला नियोजक चाळीस वर्षांच्या करारावर सही करण्याआधी दोनदा विचार करेल.

खर्च आणि वेळेचा मुद्दा मी फार ताणत नाही. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमावलीनेच वीज पारेषण आणि गॅस पारेषण कंपन्यांच्या संघटनांना जोड-मॉडेल सादर करायला लावलं आणि डिसेंबर २०१६ मध्ये ते सादर झालं. गॅसवाहिन्या बांधणाऱ्यांनीच गॅसची भावी गरज ठरवायची का, हा आक्षेप तिथे उठला आणि तो रास्तच आहे. आपल्याकडेही वीज विकणाऱ्याच्या हातात मागणीचं मॉडेल एकट्याने राहू नये. पण काम अशक्य नाही, एवढं त्यावरून कळतं. आपल्याकडे केंद्राने २०२३ मध्ये संसाधन पर्याप्ततेची, म्हणजे मागणी भागेल इतक्या विजेची आधीच तजवीज करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं आणली, वितरण कंपन्यांनी दहा वर्षांचा आराखडा दरवर्षी पुढे सरकवत करायचा असं ठरवलं. दार उघडलं आहे. त्यातून विजेचं गणित तपशिलात मागितलं जातं. विहिरीचं गणित त्याला जोडण्याची सक्ती मात्र त्यात नाही.

आणि मॉडेल म्हणजे मूठभर तज्ज्ञांची सत्ता, हे म्हणणाऱ्यांना मला शेजारच्या कर्नाटकाची आठवण द्यावीशी वाटते. तिथे १९८० च्या दशकाअखेरीस सरकारी समितीने प्रचंड मागणीचा अंदाज काढून मोठमोठे प्रकल्प सुचवले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्न उलटा धरला. लोकांना युनिट नकोत, उजेड हवा, पाणी हवं, शिजलेलं अन्न हवं. त्यासाठी किती वीज लागेल? घरं, दिवे, पंप, कारखाने असं खालून वर मोजत त्यांनी दाखवलं की २००० सालापर्यंत समितीच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी विजेत भागू शकतं. त्यांचं गणित साधं होतं, कुणालाही पडताळता येण्याजोगं. आणि ते साधं असूनही जोडलेलं होतं: एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला वीजकेंद्र. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत वीजनिर्मितीसाठीच्या धरणावरून दोन हिशेब समोरासमोर उभे राहिले. मुंबईच्या गिरण्यांना किती वीज हवी हा एक, आणि मावळातली भातखाचरं किती बुडणार हा दुसरा. १९२१ च्या सत्याग्रहात सेनापती बापटांना आणि मावळ्यांना रस्त्यावर यावं लागलं, कारण पहिल्या हिशेबाच्या वहीत दुसऱ्याला पानच नव्हतं. मॉडेल उघडं आणि जोडलेलं असेल, तर मावळकराला निदान त्या पानावर बोट ठेवता येतं.

आज सह्याद्रीच्या माथ्यावर उदंचन जलविद्युत प्रकल्पांची रांग लागते आहे. भिवपुरी १००० मेगावॅट, शिरवटा १८०० मेगावॅट, आणखी कितीतरी. दुपारच्या जादा सौर विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी सोडायचं. कल्पना चांगली आहे आणि घाटघरला २५० मेगावॅटचं असं केंद्र चालूही आहे. यातले किती हवेत? तासातासाचं मॉडेल म्हणेल, भरपूर. घाटमाथ्यावरचं जंगल आणि खालच्या नद्यांचं गणित म्हणेल, मोजकेच. आणि कोयनेचं गणित आणखी वेगळं काही सांगेल. कोयना १९६० मेगावॅटची, संध्याकाळचा भार काही मिनिटांत उचलणारी. पण पश्चिमेकडे वळवून पोफळीला वीज करायला कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने घातलेली मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) आहे, आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, तेव्हा पूर्वेकडच्या दुष्काळी तालुक्यांत लोक त्याच पाण्याकडे डोळे लावून असतात. उदंचन किती बांधलं तर कोयनेचं किती पाणी पूर्वेला सोडता येईल? हा विजेचा प्रश्न आहे की पाण्याचा?

राज्य वीज नियामक आयोगाने पुढच्या आराखड्यासाठी एवढंच बंधन घालावं. वीज, धरणं, भूजल आणि कोळसा यांची मॉडेल एकाच यादीतल्या खऱ्या वर्षांवर चालवावीत: १९७२, २०१५, २०१८, २०२३ चे दुष्काळ आणि २०१९ चा महापूरही. कुठल्या मॉडेलने कुणाला कोणता आकडा दिला आणि उलट काय उत्तर आलं, ते पत्रक मराठीत, जनसुनावणीच्या महिनाभर आधी, सर्वांसाठी ठेवावं. कोयनेचं पाणीवर्ष १ जूनला सुरू होतं. त्या दिवशी धरणावरचा अभियंता शिवसागर जलाशयातली पातळी लिहून घेतो. तोच आकडा त्याच दिवशी वीज खरेदीच्या तक्त्यातही पहिल्या ओळीत लिहिला जावा, आणि मराठवाड्यातल्या त्या शेतकऱ्याच्या विहिरीची पातळी त्याच्या खालच्या ओळीत.